सोलापूरची वीज ठेकेदारी दोन हेल्परांवरच का अडते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘वीज ठेकेदारीला भांडवल लागत नाही. पाना-पक्कड, एक शिडी आणि दोन पोरे असली की धंदा सुरू,’ असे सोलापुरात सर्रास ऐकू येते. धंदा सुरू होतो हे खरेच आहे, पण त्याच समजुतीमुळे तो पुढे वाढत नाही. दरवर्षी आयटीआयमधून तारतंत्री आणि वीजतंत्री होऊन मुले बाहेर पडतात, काही वर्षे कोणाच्या हाताखाली काढतात, स्वतःचा ठेकेदार परवाना मिळवतात आणि पुढे वीस-वीस वर्षे तेवढ्याच माणसांवर राहतात. दक्षिण सोलापूर तालुक्यात एनटीपीसीचा 1,320 मेगावॉटचा प्रकल्प उभा आहे. 31 डिसेंबर 2013 रोजी दक्षिणेचे वीजजाळे उरलेल्या देशाला जोडले गेले, ते रायचूर–सोलापूर या 765 केव्हीच्या वाहिनीने. विजेच्या नकाशावर एवढ्या ठळक असलेल्या गावातली ठेकेदारी मात्र घरगुती पॉइंट आणि 415 व्होल्टांच्या लघुदाबापुढे फारशी सरकत नाही. हे का होते, ते या धंद्यातले लोक म्हणून मांडावेसे वाटते.

आधी पैशाचे पाहू, कारण कंपनी बुडते ती बहुतेक वेळा इथेच. चिंचोळी एमआयडीसीत एका शेडचे 10 लाखांचे काम मिळाले असे धरा. 18 टक्के जीएसटी धरून बिल 11 लाख 80 हजारांचे. केबल, पॅनेल, ट्रे आणि दिवे मिळून साडेसहा लाखांचा माल, त्यावर दुकानदाराला दिलेला जीएसटी 1 लाख 17 हजार. मजुरी दोन लाख, ती दर आठवड्याला चुकती करायची. गाडीभाडे, हत्यारे, पर्यवेक्षकाचा पगार, ऑफिस यांचे 50 हजार. बिल काढले की पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला जीएसटीचा फरक 63 हजार भरायचा, मग समोरच्याचे पैसे आलेले असोत वा नसोत. बेरीज होते 10 लाख 80 हजार. पैसे येतात तेव्हा त्यातून 2 टक्के टीडीएस म्हणजे 20 हजार आणि 5 टक्के अनामत म्हणजे 50 हजार कापले जातात. हातात पडतात 11 लाख 10 हजार, उरतात 30 हजार. वहीत नफा एक लाख दिसतो, पण त्यातला निम्मा वर्षभर कारखानदाराकडे अडकलेला असतो आणि 20 हजार प्राप्तिकराचे विवरणपत्र भरल्यावर वळते होणार असतात.

दुकानदार उधारी देतो 30 दिवसांची आणि बिलाचे पैसे येतात 90 दिवसांनी. मधले दोन महिने कोणाच्या पैशावर काढायचे? अशी तीन कामे एकदम घेतली तर साडेबत्तीस लाखांच्या आसपास रक्कम फिरती लागते. ती नसली की उधारी थकते, थकलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार चढ्या भावाने माल देतो, मग भाव जुळवायला हलकी केबल येते आणि पुढे ती केबलच कंपनीचे नाव घालवते. सरकारी कामात यावर आणखी कपाती असतात: अडीच लाखांच्या वरच्या करारावर 2 टक्के जीएसटी-टीडीएस, बांधकाम कामगार उपकराचा 1 टक्का, शिवाय बयाणा रक्कम. म्हणून काम वाढवायच्या आधी कराराच्या अटी बदलायला शिकावे. ऑर्डरसोबत 30 टक्के आगाऊ घ्यावेत. केबलचा ड्रम साइटवर उतरला की मालाच्या किमतीचा ठरलेला हिस्सा मागावा. दर पंधरा दिवसांनी दोघांच्या सहीने मोजमाप करून झालेल्या कामापुरते रनिंग बिल काढावे. ड्रमवरून कापलेली केबल परत जात नाही, हे समोरच्यालाही पक्के माहीत असते. त्यामुळे आगाऊ घ्यायची बोलणी कापण्याआधी व्हायला हवीत. कापल्यावर त्यांना काही अर्थ राहत नाही.

घरांच्या आणि अपार्टमेंटच्या कामात भांडण होते ते ‘पॉइंट’ या एका शब्दावरून. जुळे सोलापूर असो की विजापूर रस्ता, भाव पॉइंटचा ठरतो आणि पॉइंट म्हणजे काय, हे कोणी लिहीत नाही. जिन्यातला दोन ठिकाणांहून चालणारा दिवा हा एक पॉइंट की दोन? एसीच्या पॉइंटमध्ये बोर्डापासूनची 4 चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर धरली आहे का? घंटा, टीव्ही, इंटरनेटची नळी यांचे काय? ही व्याख्या अर्ध्या पानात लिहून दोघांनी सह्या केल्या की शेवटच्या बिलातला निम्मा वाद मिटतो. मजुरीचे हप्तेही टप्प्यांना बांधावेत. स्लॅबमधली नळी, भिंतीतल्या झिऱ्या, वायर ओढणे आणि फिटिंग हे चार वेगळे फेरे आहेत. बिल्डरचे काम मध्ये सहा महिने थांबले तर झालेल्या टप्प्याचे पैसे त्याच महिन्यात हाती यायला हवेत. स्लॅब ओतताना आपला माणूस तिथे उभा असावा, हेही यातच आले. पायाखाली नळीचा सांधा निसटतो, फॅन बॉक्समध्ये सिमेंटचे पाणी शिरते आणि चार महिन्यांनी वायर ओढताना ती मध्येच अडते. मग तयार छत फोडायचा खर्च कोणाचा, यावर बोलणी सुरू होतात.

भाव देताना तांब्याचा हिशोब ज्याला येत नाही, त्याने मोठे काम घेऊच नये असे आमचे मत आहे. 90 मीटरच्या 1.5 चौरस मिलिमीटर वायरच्या एका बंडलात साधारण 1.2 किलो तांबे असते. 2.5 च्या बंडलात दोन किलो, 4 च्या बंडलात सव्वातीन किलोच्या आत-बाहेर. तांबे किलोमागे 100 रुपयांनी चढले की 2.5 चे बंडल निव्वळ तांब्यापोटी 200 रुपयांनी महागते. दोनशे बंडलांच्या कामात हे 40 हजार होतात. म्हणून दरपत्रकावर ‘हा भाव 10 दिवसांपुरता’ असे छापलेले असावे.

हाच हिशोब उलटा वापरला की हलकी वायरही पकडता येते. 1.5 ची एक मीटर वायर घ्या, वरचे प्लास्टिक पूर्ण सोला आणि उघडे तांबे सराफाच्या काट्यावर ठेवा. 12 ते 13 ग्रॅम भरले तर ठीक. 9 किंवा 10 ग्रॅम भरले तर बंडलावर काहीही छापलेले असो, ती 1.5 ची वायर नव्हे. पाच मिनिटांचे काम आहे, पण नव्या दुकानातून माल उचलताना ते कोणी करत नाही.

आता कामाच्या गाभ्याकडे येतो. सोलापूरची चादर आणि टॉवेल ज्या यंत्रमागांवर विणले जातात, तिथले वायरिंग अनेक ठिकाणी एकेका मागाला एक अश्वशक्तीची मोटर धरून केलेले आहे. 24 माग म्हणजे 24 अश्वशक्ती, सगळे चालले तरी चाळीस-पंचेचाळीस अँपिअर. त्याला 16 चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियम केबल पुरत होती. आता त्याच शेडमध्ये जुने माग काढून बारा रॅपियर (धोट्याविना चालणारे वेगवान माग) बसले आणि प्रत्येकाची मोटर पाच अश्वशक्तीची असली, तर भार 60 अश्वशक्तीवर जातो आणि करंट नव्वद अँपिअरच्या घरात. केबल मात्र तीच राहते, कारण माग विकणाऱ्याने ती विचारली नाही आणि वायरमनने फक्त नवे स्टार्टर जोडून दिले. इथे खरे तर 50 चौरस मिलिमीटरची केबल लागते.

त्यात सोलापूरचा उन्हाळा. हवेतून टाकलेल्या केबलची क्षमता आपल्याकडच्या तक्त्यांत 40 अंश तापमानाला दिलेली असते. मे महिन्यात बाहेरच 42-43 अंश असतात, पत्र्याखाली आढ्याला लागून ट्रे असेल तर तिथे 50 सहज. त्या तापमानाला पीव्हीसी केबलची क्षमता साधारण 82 टक्क्यांवर येते. तक्त्यातले 100 अँपिअर प्रत्यक्षात 82 होतात. एमसीबीचे, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडून पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे, गणित तर त्याहून कडक. घरगुती पद्धतीच्या एमसीबीचा आकडा 30 अंशाला बेतलेला असतो. बंद पेटीत, एकमेकांना चिकटून बसवलेले आठ-दहा एमसीबी दुपारी दोन वाजता आपल्या आकड्याच्या आधीच पडू लागतात. कारखानदार फोन करतो, ‘सारखं ट्रिप होतंय.’ वायरमन येतो, 32 अँपिअरचा काढून 63 चा बसवतो आणि ट्रिप थांबते. पण आता पुढची 6 चौरस मिलिमीटरची वायर जळेपर्यंत तो एमसीबी पडणार नाही. संरक्षण वायरला हवे असते, आणि तेच काढून टाकले जाते. बरोबर उपाय थोडा वेळखाऊ आहे. टंग टेस्टरने (तारेभोवती चिमटा लावून करंट मोजणाऱ्या यंत्राने) तिन्ही फेजचा आणि न्यूट्रलचा करंट भर दुपारी मोजायचा, पेटीतले तापमान पाहायचे, एमसीबींमध्ये मोकळी जागा सोडायची, पेटी पत्र्यापासून खाली आणायची, आणि करंट खरोखरच जास्त असेल तर वायर आणि एमसीबी दोन्ही मोठे करायचे.

दुसरी नेहमीची चूक सांध्यातली. ॲल्युमिनियमची केबल तांब्याच्या पट्टीला साध्या लगने (केबलच्या टोकाला बसवायच्या धातूच्या टोपीने) जोडली आणि लग हातोडीने चेपला की सहा महिन्यांत तो सांधा सैल होतो. ॲल्युमिनियम मऊ, स्क्रूच्या दाबाखाली ते सरकते, दिवसा तापून फुगते, रात्री आकसते. सांध्याचा रोध 0.05 ओहम इतका जरी झाला आणि 40 अँपिअर वाहत असले, तरी तिथे 80 वॉट उष्णता तयार होते. सोल्डरिंगच्या आयर्नला 25 वॉट पुरतात. इथे अंगठ्याएवढ्या जागेत 80 वॉट चोवीस तास. टॉवेलच्या कारखान्यात त्या सांध्यावर सुताची बारीक धूळ बसलेली असते, मग पुढचे सांगायला नको. केबलच्या मापाचा लग, त्याच मापाच्या डायने हायड्रॉलिक क्रिम्पिंग (यंत्राने दाबून चेपणे), ॲल्युमिनियमला लावायची पेस्ट, तांब्याच्या पट्टीवर बायमेटल (ॲल्युमिनियम-तांबे जोडलेला) लग, टॉर्क पान्याने आवळून नटावर रंगाची रेघ, आणि महिन्याभराने एकदा परत आवळणी, एवढे केले की हा प्रश्न राहत नाही. पॅनेलची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. ती काँटॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) आत जाऊन बसते. व्हॅक्यूमने ओढावी.

अर्थिंगबद्दल इथल्या जमिनीचे एक वैशिष्ट्य सांगायला हवे. वर काळी माती, खाली मुरूम आणि बऱ्याच ठिकाणी थोडक्यातच काळा पाषाण लागतो. अडीच मीटरचा पाइप ठोकायचा असतो, तो दीड मीटरवर अडतो आणि उरलेला कापून टाकला जातो. पावसाळ्यात मोजले तर आकडा चांगला येतो. एप्रिलमध्ये काळ्या मातीला भेगा पडल्या की तोच रोध कितीतरी वाढतो. पाइप अडला तर ड्रिल करावे, किंवा असे दोन पाइप (इलेक्ट्रोड) त्यांच्या लांबीच्या किमान दुप्पट अंतरावर टाकून जोडावेत, आणि मोजणी उन्हाळ्यात करावी. खड्ड्यात मीठ-कोळसा भरला म्हणजे अर्थिंग झाले असे नाही. अर्थ टेस्टरच्या दोन सळया जमिनीत रोवून आलेला आकडा कुठे लिहिला आहे, ते विचारावे.

परवान्यासाठी मेगर (वायरच्या आवरणाचा रोध मोजणारे यंत्र), अर्थ टेस्टर आणि टंग टेस्टर दाखवावे लागतात. बऱ्याच ठिकाणी ती एकदा दाखवली की कपाटात जातात. कोऱ्या टेस्ट रिपोर्टवर सही-शिक्का काही रुपयांना मिळतो, हे धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे आणि ही गोष्ट आम्हाला सगळ्यात जास्त खटकते. 500 व्होल्टच्या मेगरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ एक मिनिट मोजावे, किमान 1 मेगाओहम आला पाहिजे. त्याआधी एलईडी दिवे आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू काढून ठेवाव्यात, नाहीतर मोजणीतच त्या जातात. मग अर्थच्या तारेची सलगता, स्विच फेजवरच आहे ना, आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच) खरोखर पडते का. एका तीन खोल्यांच्या घराला यासाठी तासभर लागतो. हे आकडे तारखेसह, सर्किटच्या क्रमांकासह वहीत असले की दोन वर्षांनी त्या घरात बिघाड झाला तर दोष कुठे आला ते शोधता येते, आणि दोष आपला नसेल तर तेही सिद्ध होते. कारखानदार दुसऱ्या शेडचे काम कोणाला देतो? ज्याच्याकडे पहिल्या शेडचे आकडे आहेत त्याला. जाहिरातीने मिळालेले काम एकदाच मिळते.

माणसांचा प्रश्न पैशाहून अवघड. मालक स्वतः भाव देतो, माल आणतो, पॅनेल बंद करतो आणि सहीही तोच करतो, तोवर कंपनीची मर्यादा म्हणजे त्याचा एक दिवस. दुसरी साइट सुरू करायच्या आधी दुसरा पर्यवेक्षक हवा, प्रमाणपत्र असलेला आणि मालक नसताना काम थांबवायचा अधिकार असलेला. आमच्या मते एका पर्यवेक्षकाने दोनच साइट बघाव्यात, तिसरी दिली की तो फक्त फोनवर बघतो. सोलापुरात एकाच टोळीत मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी माणसे असतात. तोंडी सूचनेत घोळ होतो, म्हणून प्रत्येक वितरण पेटीच्या झाकणाच्या आत तिचा रेखाचित्राचा कागद चिकटवावा. शटडाऊन (कामापुरता पुरवठा बंद) घेताना तर नियम एकच: स्विचला कुलूप ज्याने लावले त्यानेच काढायचे, आणि जनरेटर, इन्व्हर्टर किंवा सोलरकडून उलटा पुरवठा येत नाही हे टेस्टरने पाहिल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही.

दहा माणसे झाली की ईएसआय (कामगार राज्य विमा) आणि वीस झाली की भविष्य निर्वाह निधी लागू होतो. याला घाबरून एकोणिसाव्या माणसावर थांबणारे ठेकेदार आहेत. हा खर्च भावात धरायला शिकणे हाच त्यावर उपाय, कारण मोठी कंपनी काम देताना याच पावत्या आधी मागते. शिकाऊ उमेदवार घेणाऱ्यांना राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाच्या 25 टक्के, महिना 1,500 रुपयांपर्यंत केंद्राचा हातभार मिळतो. चार माणसांची कंपनीही शिकाऊ घेऊ शकते. सोलापुरातल्या किती ठेकेदारांनी ही नोंदणी केली आहे, त्यांनी स्वतःलाच विचारावे.

यानंतरची पायरी उच्चदाबाची. ग्राहकाला स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर हवा असेल तर ते काम महावितरणला 1.3 टक्के देखरेख शुल्क भरून परवानाधारक ठेकेदाराकडून करून घेता येते. 100 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, दोन खांबांचा सांगाडा, एबी स्विच (खांबावर लाइन तोडणारा), ड्रॉपआउट फ्यूज आणि लाइटनिंग अरेस्टर (आकाशातली वीज जमिनीत नेणारा) हे काम शिकायला अवघड नाही. त्याला लागणारी शिस्त वेगळी. अरेस्टर, न्यूट्रल आणि बॉडी यांचे अर्थिंग वेगवेगळे ठेवावे लागते, तेलाची चाचणी बसवण्याआधी करावी लागते, विद्युत निरीक्षकांच्या तपासणीसाठी कागद पुरा असावा लागतो. ज्याने लघुदाबात आकडे लिहायची सवय लावली, त्याला इथे काही नवे वाटत नाही.

छतावरच्या सोलरने मात्र 2024 पासून नवा मार्ग उघडला आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78 हजारांचे अनुदान असल्यामुळे मागणी भरपूर आहे. घरगुती वायरमनने लक्षात ठेवावे की सहा पॅनेल मालिकेत जोडली की 250 ते 300 व्होल्ट डीसी होतात, आणि डीसीची (एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटची) ठिणगी घरातल्या एसी करंटसारखी आपोआप विझत नाही. एसी करंटचा एमसीबी तिथे चालत नाही. पॅनेलच्या तारा जोडणारा एका कंपनीचा एमसी-4 कनेक्टर दुसऱ्या कंपनीच्या कनेक्टरमध्ये घुसतो, पण नीट बसत नाही आणि छतावर जळतो.

चिंचोळी आणि अक्कलकोट रस्त्यावरच्या कारखानदारांना, तसेच सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती आहे. ठेकेदार निवडताना सगळ्यात कमी भावाचा कागद वर ठेवण्याआधी त्याने मागच्या कामात लिहिलेले चाचणीचे आकडे मागा. ऑर्डरमध्ये लिहा की अंतिम बिलासोबत प्रत्येक सर्किटचे मेगरचे आणि प्रत्येक खड्ड्याचे अर्थिंगचे आकडे जोडलेले हवेत, नाहीतर बिल स्वीकारले जाणार नाही. आणि मग अनामत वर्षभर दाबून ठेवू नका. तिचा निम्मा भाग महिन्याभरानंतरच्या आवळणीला बांधा. ठेकेदार आला, त्याने नट तपासून वहीत सही केली, की त्याच आठवड्यात पैसे द्या. उरलेला निम्मा कामानंतरचा पहिला मे महिना सरेपर्यंत ठेवा. भर दुपारी, सगळे माग चालू असताना, तिन्ही फेजचा करंट आणि मुख्य सांध्यांचे तापमान दोघांनी मिळून मोजावे, आणि आकडे बरोबर आले तर 1 जूनला तो धनादेश निघावा.

आपले,
सोलापुरातील काही परवानाधारक वीज ठेकेदार व पर्यवेक्षक